मेरिलच्या हातचं सिरप

"छान झालंय," ब्यूलाताई म्हणाल्या. चमचा दोन्ही बाजूंनी चाटून लख्ख केला, बशीत ठेवला आणि वर म्हणाल्या, "पण मेरिलच्या हातचं नाही हं."

झालं! नऊ वर्षं मी हे एकच वाक्य ऐकत आलेय. मार्चचा गारठा, दिवसभर धुरात उभं राहून डोळ्यांची वाट लागलेली, केसांना जळक्या लाकडाचा वास, पाठीचा काटा ढिला झालेला, आणि ही बाई खुर्चीत बसल्या बसल्या एका चमच्यात माझ्या कष्टांवर पाणी ओतून मोकळी. बरं, भांडावं तर वय अठ्ठ्याऐंशी. आणि भांडून करू काय? त्यांचं खरंच होतं. माझ्याही जिभेला कळत होतं की हे ते नव्हे.

मेरिल माझा नवरा. ब्यूलाताई त्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं, आणि आमचं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या आवारात मेरिलने बांधून दिलेल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. त्यांची खिडकी नेमकी आमच्या मागच्या अंगणावर उघडते. त्यामुळे अंगणात खुट्ट झालं की आधी त्यांना कळतं, मग मला.

अंगणात आमचे पाच मेपल आहेत. थंडी सरता सरता त्यांच्या खोडातून पाण्यासारखा गोडसर रस गळतो, तो आटवला की सिरप. व्हरमाँटात पाच मेपल म्हणजे काहीच नाही. पलीकडे आमच्या शेजाऱ्याच्या, रोलंडच्या, उतारावर तीन हजार झाडं, रस वाहून नेणाऱ्या निळ्या नळ्यांचं जाळं, पंप, सगळा कारखानाच आहे. आमचं आपलं हौसेचं काम. सात तोट्या, सात बादल्या आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल. मार्चमधला गावसभेचा मंगळवार उजाडला की सकाळी उठून झाडांना भोकं पाडायची, तोट्या ठोकायच्या आणि मग सभेला जाऊन कुणाचा कुत्रा मोकळा फिरतो यावरून तावातावाने भांडायचं, हा मेरिलचा शिरस्ता होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने रस माझ्या स्वयंपाकघरात आटवला. चाळीस गॅलन रस आटला की एक गॅलन सिरप होतं. बाकीचं जातं कुठे? वाफ होऊन माझ्या भिंतींवर! दुपार कलली तसा माझ्या आईने स्वतःच्या हाताने चिकटवून दिलेला गुलाबाच्या फुलांचा कागद छताजवळून सुटायला लागला, आणि हळूहळू वाकत वाकत आख्खा मेरिलच्या डोक्यावर आला. "नीघ," मी म्हटलं, "तू, तुझं पातेलं आणि तुझा रस, तिघंही अंगणात!" तो गेला तो गेलाच. पुढची छत्तीस वर्षं त्याने सगळं अंगणातच केलं. शेवटची, घट्ट करायची पायरी तरी लोक घरात गॅसवर करतात, तिथे आच आपल्या हातात असते. हा तीही चुलीवर करायचा, लहान काहिलीत. मी म्हणायचे, "अरे, तेवढं तरी आत आण." तर म्हणायचा, "हाकललंस ना? आता नाही येत." आणि हसायचा. फार हसायचा तो, उगाचच.

सिरप झालं की नाही हे बघायला रोलंडकडे आकडे लिहिलेली काचेची नळी आहे. मेरिलकडे पळी होती. पळी बुडवून आडवी धरायची. कडेवरून थेंब थेंब पडला तर अजून कच्चं. दोन थेंबांनी कडेलाच एकमेकांना धरलं आणि दोन्ही मिळून सपकन खाली आले, की झालं. त्याला आम्ही म्हणतो पदर धरणं. क्षणभराचं काम असतं ते. तेव्हाच्या तेव्हा काहील उतरवली नाही तर सगळं हातचं जातं.

आणि पदर धरला रे धरला की मेरिल मागच्या दाराशी येऊन ओरडायचा, "अर्लीन, ये लवकर! पदर धरला!" दर वर्षी. दर आटणीला. मी आत असायचे, बशा पुसत नाहीतर बहिणीशी फोनवर. "आले, आले," म्हणायचे आणि उरलेल्या बशा पुसूनच जायचे. पदर तर पदर, दर वर्षी तोच, त्यात बघायचं काय एवढं? मी जाईपर्यंत काहील उतरलेली असायची. तो पळी वर करून म्हणायचा, "आत्ता होता बघ." मी म्हणायचे, "छान, छान." नंतर काहील तो स्वतःच घासायचा, राखेने आणि बर्फाने, मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. मी आपली चर्चमध्ये बायकांना मिरवून सांगायचे, माझा नवरा भांडी घासतो!

त्याच्या सिरपची चव गावात कुणाच्याच सिरपला नव्हती. रंगाने गडद, गोड, पण गिळल्यावर मागून एक बारीकसा कडसरपणा यायचा आणि तो जिभेवर बराच वेळ राहायचा. एकदा खाल्लं की बाकीची सिरपं नुसती गोड वाटायची.

नऊ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पानं गोळा करता करता तो अंगणात बसला आणि उठलाच नाही. त्याचं शेवटचं सिरप आम्ही दोघींनी त्याच हिवाळ्यात लापशीवर घालून संपवलं. एक बाटली ठेवावी हे सुचलंच नाही मेलं. सुचलं ते बाटली धुऊन पालथी घातल्यावर. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी त्याला पुरतानाही रडले नव्हते.

पुढच्या मार्चमध्ये तोट्या मीच बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. घरात बसवेना, एवढंच. आणि तेव्हापासून ही परीक्षा सुरू झाली. बादल्या त्याच, झाडं तीच, काहील तीच, चव मात्र येईना. एक वर्ष नुसतं चेरीचं लाकूड जाळलं. एक वर्ष जुन्या लोकांसारखा खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने काहिलीवर टांगला, फेस वर आला की त्याला लागून खाली बसतो म्हणून. फेस बसला, पण चव आली नाही, आणि तो तुकडा शेजारच्या कुत्र्याने पळवला तो निराळाच. एक वर्ष रोलंडकडून ती काचेची नळीही आणली. सिरप असं सोनेरी झालं की रोलंड बाटली उन्हात धरून बघतच राहिला.

"वहिनी, हे जत्रेत ठेवा. पहिलं बक्षीस कुठे जात नाही."

"बक्षीस काय चाटायचंय, भाऊजी? मला मेरिलचं हवंय."

रोलंडने बुटाने बर्फ उकरला. "मेरिलचं म्हणजे... त्याचं काय आहे..." म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून निघून गेला. तेव्हा मला वाटलं, मित्राची आठवण आली असेल. कसलं काय! त्याला सगळं ठाऊक होतं. गेलेल्या माणसाच्या सिरपला नाव कसं ठेवायचं, म्हणून गप्प बसला.

यंदा जानेवारीत डॉक्टरांनी ब्यूलाताईंचं हृदय तपासलं आणि मला बाहेर बोलावून हळू आवाजात काहीबाही सांगायला लागले. आतून ताई ओरडल्या, "मला ऐकू येतंय!" घरी येताना गाडीत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या गावसभेला मी नसणार, अर्लीन. तेव्हा यंदा जरा मनावर घे. मला एकदा त्याचं सिरप चाखायचंय. बाकी काही नको."

असं कुणी बोलल्यावर माणसाने काय करावं? मी जीव तोडून पहिली आटणी केली. आणि ऐकलं काय? छान झालंय, पण मेरिलच्या हातचं नाही.

दुसरी आटणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली. रात्री कडाक्याचं गोठत होतं आणि दिवसा ऊन पडत होतं, बादल्या भरभरून वाहत होत्या. संध्याकाळच्या सुमाराला लहान काहिलीतला रस सोनेरी होऊन मोठमोठे बुडबुडे यायला लागले. मी पळी घेऊन उभी. थेंब, थेंब, थेंब. आता दोन-तीन मिनिटांचा प्रश्न. इतक्यात ताईंच्या खिडकीवर काठी वाजली. ठक ठक ठक.

"थांबा हो!" मी ओरडले. "आत्ता नाही!"

ठक ठक ठक. मी मान वळवून पाहिलं तर खिडकीत चेहरा नाही. नुसती काठीच दिसतेय, काचेच्या खालच्या कोपऱ्यात. पळी फेकली आणि धावले. ताई खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसल्या होत्या, पाय लांब करून. लागलं काही नव्हतं, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर होता.

"ही उशी! कितीदा सांगितलं, ही उशी सरकते म्हणून!"

"हात द्या. दुखतंय का कुठे?"

"अपमान दुखतोय. उचल."

त्यांना उठवून खिडकीजवळच्या पलंगावर टेकवलं, हातपाय चाचपले, पाणी दिलं, आणि दारातच मला वास आला. धावत गेले तर काहिलीत काळपट फेस गरगरत होता. हाताला चटका बसला तरी खसकन ओढून काढली. खाली तळाला काळी खपली. तीन दिवसांचा रस, दोन दिवसांची लाकडं, आणि सगळं तळाला लागलेलं! मी अशा शिव्या दिल्या की पाद्रीबाबांनी ऐकल्या असत्या तर चर्चमधून नाव काढलं असतं.

वरचं जेवढं निघालं तेवढं फडक्यातून गाळलं. जेमतेम एक बाटली भरली, चहाच्या अर्कासारखी काळी. ताई खिडकीतून सगळं बघत होत्याच.

"फेकू नकोस," त्यांनी काच सरकवून सांगितलं. "आधी चव दाखव."

"जळलंय हो ते. काय चव दाखवू, कप्पाळ?"

"आण म्हटलं ना."

मी चमचा नेऊन त्यांच्या तोंडात घातला, औषध पाजावं तसा. त्यांनी डोळे मिटले. नेहमी एका क्षणात निकाल लागतो. या वेळी लागेना. मग त्यांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि रिकामा चमचा माझ्यापुढे धरला. मी पुन्हा भरला. तो खाल्ला आणि मग म्हणाल्या,

"हे."

"हे काय?"

"हे मेरिलचं."

मी बाटलीला बोट लावून चाटलं. गडद, गोड, आणि मग मागून हळूच तो कडसरपणा आला, आला आणि जाईचना. देवा रे! मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. नऊ वर्षं! त्या एका बोटभर चवीत तो आख्खा माणूस येऊन उभा राहिला, त्याच्या बुटांच्या चिखलासकट. मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि ताईंचा हात धरला.

"पण ताई, हे तर लागलंय."

"लागलेलंच असायचं."

"म्हणजे?"

ताईंनी चष्मा पुन्हा चढवला. शाळेत फळ्यापुढे उभ्या राहायच्या तशा बोलायला लागल्या. "तो पळी टाकून तुझ्या दाराशी जायचा. अर्लीन, ये लवकर, पदर धरला. तू म्हणायचीस, आले, आले. तो परत काहिलीपाशी जायचा, आत बघायचा, पुन्हा दाराशी यायचा. पुन्हा काहिलीपाशी. मी याच खिडकीतून बघत बसायचे. कसा तळमळायचा! शेवटी धूर यायला लागला की ओढायचा खाली. मग तू यायचीस, हात पुसत."

"मग आधीच उतरवायचं ना त्याने! मी काय, नंतर बघितलं असतं."

"उतरवल्यावर पदर दिसतो का? आणि तुला दाखवल्याशिवाय त्याला उतरवायचं नव्हतं. मूर्ख होता."

"म्हणून काहील घासायचा," मी म्हटलं.

"म्हणून घासायचा. लागलेलं तुला दिसू नये म्हणून."

मला एकदम राग आला. "आणि हे तुम्ही मला नऊ वर्षांत सांगितलं नाहीत?"

"मला काय माहीत चव कशाने येते? मी आयुष्यात अंडं सोडून काही उकडलंय का? धूर बघितला होता, चव चाखली होती. दोन्हींचं गणित आत्ता जुळलं, चमचा तोंडात गेल्यावर." मग बोटांवर मोजून म्हणाल्या, "छत्तीस वर्षं, वर्षाला तीन आटण्या. शंभरावर हाका झाल्या."

"आणि पहिल्या हाकेला मी एकदाही..."

"एकदाही नाही."

त्या रात्री मी जेवले नाही. स्वयंपाकघरात बशांच्या फळीपुढे उभी राहिले. जी चव मी त्याची म्हणून नऊ वर्षं शोधत होते ती माझीच निघाली, माझ्या उशिराची. दहा पावलांवर तो उभा राहून बोलवायचा आणि मी बशा पुसायचे! कुठल्या राजाला जेवायला वाढायचं होतं त्या बशांत? मला माझी लाज वाटली, आणि त्याचा राग आला की लेका, एकदा तरी ओरडायचंस ना माझ्यावर. तो ओरडला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा हाक मारली.

एप्रिल लागला. रोलंडने कुंपणावरून सांगितलं, "वहिनी, कळ्या फुगायला लागल्या, आता शेवटची आटणी. यानंतरच्या रसाला वास येणार." मी बादल्या रिकाम्या करत होते तर ताई काठी टेकत दारात उभ्या. मेरिलचा बर्फ काढायला जायचा कोट घातलेला, पार घोट्यापर्यंत.

"खुर्ची टाक चुलीपाशी. मी बसणार."

"थंडी बाधेल."

"बाधून बाधून किती बाधेल? टाक."

टाकली. दिवसभर बसल्या, लाकडं कशी रचायची हे मला शिकवत. ऊन उतरलं तेव्हा लहान काहील चढवली आणि त्यांनी पळी माझ्या हातातून काढून घेतली.

"आता तू आत जा. बशा पूस."

"काय?"

"ती एक बाटली मी संपवणार आहे, थेंब ठेवणार नाही. मग माझ्यामागे तू काय खाशील? पुन्हा नऊ वर्षं शोधत बसशील. जा आत. मी हाक मारीन. आणि हे बघ, हाक मारली म्हणून लगेच धावत येऊ नकोस. सावकाश ये. व्यवस्थित लागू दे."

मी आत गेले. बूट दाराशी काढले. बशा धुतलेल्या, कोरड्या ठणठणीत. तरी एक घेतली आणि फडक्याने पुसायला लागले. टेबलावर डोनट आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या आंबट काकड्या काढून ठेवल्या होत्या, गरम पाक बर्फावर ओतून खातात त्याच्या जोडीला. कोठाराच्या सावलीत तेवढ्यासाठी एक बर्फाचा ढिगारा ताडपत्रीखाली जपून ठेवला होता. ती बशी मी पुसली, पुन्हा पुसली. कान सगळे बाहेर. मनात म्हटलं, घाई करायची नाही. हाक आली की म्हणायचं, आले, आले. चार बशा पुसायच्या. मग जायचं.

"अर्लीन!"

आवाज चिरका, म्हातारा. पण चाल तीच. एका घरातलीच ती दोघं.

"अर्लीन, ये लवकर! पदर धरला!"

मी कधी निघाले मला माहीत नाही. बशी हातात, फडकं खांद्यावर, पायात नुसते मोजे. पायऱ्या उतरले, चिखलात घोट्यापर्यंत रुतले, एक मोजा तिथेच राहिला, तशीच चुलीपाशी पोचले. ताईंच्या हातात पळी आडवी होती. कडेला दोन थेंब. एकमेकांना धरून ते लांब झाले, पातळ झाले, तिरप्या उन्हात क्षणभर थांबले आणि सपकन खाली आले. एकटीने नऊ वर्षं बघितला होता पदर. पण कुणी बोलावून दाखवलेला हा पहिलाच. मी बशी टाकली आणि काहील ओढून खाली घेतली.

"अगं मूर्ख बाई!" ताई पळी आपटत ओरडल्या. "सावकाश ये म्हटलं होतं ना! आता कसं लागणार ते?"

"नाही लागलं तर नाही लागलं."

"आणि मोजा कुठाय तुझा?"

मी कोठाराकडे गेले. ताटात बर्फ आणला, वर गरम पाक ओतला, घट्ट झाल्यावर काट्याला गुंडाळून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश चावला. मग आंबट काकडीचा एक घास खाल्ला आणि पुन्हा पाकाचा.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य येईना. "म्हणा की," मी म्हटलं. "मेरिलच्या हातचं नाही, म्हणा."

"नाहीच," ब्यूलाताई म्हणाल्या. "मेरिलला हे कधी जमलं नाही. तू यायचीस कुठे?"